कानसेनांचा पत्ता

शनिवारी सकाळी दहा वाजता आमच्या घरी गाण्याचा वर्ग भरतो. घर बुकित तिमाह भागात, ब्यूटी वर्ल्ड स्टेशनापासून पायी दहा मिनिटांवर. सात-आठ मुलं येतात, सगळी मराठी घरांतली, बहुतेकांचा जन्म सिंगापूरचा. त्यांतल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाचा आवाज गेल्या वर्षी फुटला. काळी चारमध्ये गाणारा मुलगा काही महिने कुठेच गाईना आणि शेवटी काळी एकवर स्थिरावला. घरी तो फोनवरच्या तंबोऱ्यावर रियाज करतो. सगळीच मुलं करतात. माझ्या वडिलांचा तंबोरा मिरजेला भावाकडे असतो. भावाने तो काळी एकला जुळवून अर्धा तास छेडला आणि ध्वनिमुद्रण मला पाठवलं. एका शनिवारी ते मी दिवाणखान्यातल्या मोठ्या स्पीकरवर लावलं. मुलगा दोन-तीन मिनिटं डोळे मिटून बसला आणि मग म्हणाला, "ताई, ही चौथी तार आधी कुठे होती?"

चौथी तार म्हणजे खर्ज. काळी एकचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा. फोनच्या इवल्या स्पीकरातून इतका खालचा स्वर बाहेर पडतच नाही. आपला कान हुशार असतो. वरच्या उपस्वरांवरून तो खालचा स्वर ताडून घेतो, त्यामुळे तंबोरा सुरात आहे एवढं कळतं. पण ज्याच्यावर पाठ टेकून गायचं, ती भिंत तिथे नसते. दोन वर्षं रोज रियाज करणाऱ्या मुलाने आपल्या षड्जाचा पाया त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

हा मुलगा हाय-एंड ऑडिओ बनवणाऱ्यांचा उद्याचा ग्राहक आहे, आणि त्यांच्याकडे त्याचा पत्ता नाही. या धंद्यातली माणसं वर्षानुवर्षं एकच तक्रार करताहेत: गिऱ्हाईक म्हातारं होत चाललं, नवं येत नाही, तरुणांना कानात खुपसायच्या बोंडांपलीकडे काही नको. ही तक्रार मला पटत नाही. नवा ग्राहक आहे, भरपूर आहे. त्याला खिशावरून शोधत बसल्यामुळे तो सापडत नाही. कानावरून शोधला असता तर केव्हाच सापडला असता.

बुकित तिमाह हे नाव सिंगापुरात उच्चारलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बंगले येतात. या शहरात 'गुड क्लास बंगलो' असा सरकारी वर्गच आहे. त्याला किमान १,४०० चौरस मीटरचा भूखंड लागतो, आणि त्यांतले बरेचसे याच भागात आहेत. आम्ही बंगल्यात राहत नाही, एका जुन्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहतो. पण पत्त्यावर बुकित तिमाह असतं आणि त्याचा परिणाम मी पाहिला आहे.

चार वर्षांपूर्वी स्पीकर घ्यायचे ठरवले तेव्हा नवरा आणि मी एका दुकानात गेलो. दुकान कुठलं ते महत्त्वाचं नाही. आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं कुणी लक्ष दिलं नाही. मग नाव-पत्त्याचा कागद भरला, आणि पत्ता वाचल्यावर आम्हाला आतल्या खोलीत नेऊन कॉफी देण्यात आली. तिथून पुढचं सगळं बोलणं माझ्या नवऱ्याशी झालं. त्याला सुरांचं फारसं कळत नाही, हे तो स्वतःच सांगतो. गाणं मी शिकले, गाणं मी शिकवते. लावलेलं संगीत त्यांचं ठरलेलं: एक बाई, एक पियानो, मागे हलका ब्रश. चांगलं होतं. पण ते ऐकून मला काय ठरवायचं? मी मोगूबाई कुर्डीकरांचं एक जुनं ध्वनिमुद्रण फोनवर काढलं आणि हे लावा म्हटलं. विक्रेता अदबीने म्हणाला, "मॅडम, या रेकॉर्डिंगला या सिस्टिमवर न्याय मिळणार नाही." त्या दुकानातल्या सर्वांत महागड्या यंत्रावर माझं गाणं लावायला त्याने नकार दिला.

आम्ही काही न घेता बाहेर पडलो. मला त्या माणसाचा राग आला नाही. त्याला तसंच शिकवलं होतं. कंपन्यांनी निवडक गाण्यांची यादी दिलेली असते आणि त्या यादीवर यंत्र चांगलं वाजतं. पण यंत्र चांगलं दिसावं म्हणून संगीत निवडायचं, हा क्रमच उलटा आहे. माणूस स्पीकर ऐकायला घरी जात नाही.

याच्या शेजारी मला मिरज ठेवायची आहे, कारण माझं लहानपण तिथलं आणि वाद्य कसं विकतात हे मी तिथे पाहिलं. मिरजेत सतारी आणि तंबोरे बनवण्याचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात, लाकूड तुणाचं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोरा घ्यायला गेलात तर कारागीर आधी किंमत सांगत नाही. विचारतो, "पट्टी कुठली?" मग म्हणतो, "जरा सा लावा." तुम्ही गाता, तो ऐकतो. मग घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत जवारी, म्हणजे तारेचा झंकार, लावतो, पुन्हा गायला सांगतो, पुन्हा धागा हलवतो. एखाद्याला खुली जवारी आवडते, एखाद्याला बंद. हे चालू असताना चहा येतो, आणि कधी कधी संध्याकाळ होते. वडिलांनी त्यांचा तंबोरा घेतला तेव्हा मी आठ वर्षांची होते. त्या दिवशी आम्ही दोनदा गेलो, रिकाम्या हाताने परतलो आणि आठवड्याने पुन्हा गेलो. कारागिराने वडिलांच्या पगाराची चौकशी केली नाही, त्यांच्या गळ्याची केली.

मला कुणी विचारलं की महागडे स्पीकर बनवणाऱ्याने नव्या माणसाकडे कसं जावं, तर माझं उत्तर हेच: तंबोरेवाल्यासारखं. आधी त्याचा 'सा' ऐकून घ्या.

यावर धंद्यातल्या लोकांचं ठरलेलं म्हणणं असतं की सामान्य माणसाला फरक कळत नाही. कान तयार व्हावा लागतो, त्याला वर्षं जातात. हे खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचा पुरावा त्यांच्याच घरातून आलेला आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी पडदा टाकून, स्पीकर दिसणार नाही अशा रीतीने लोकांना ऐकवण्याचे प्रयोग केले. पुढे हार्मन या ध्वनियंत्रं बनवणाऱ्या कंपनीत शॉन ऑलिव्ह यांनी ते काम वाढवलं. २००३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २६८ जणांनी चार स्पीकर ऐकले. त्यांतले फक्त बारा जण प्रशिक्षित ऐकणारे होते. बाकीच्यांत दुकानदार होते, विद्यार्थी होते. प्रशिक्षितांनी गुण अधिक काटेकोर दिले, फरक अधिक ठामपणे दाखवला. पण कुठला स्पीकर चांगला आणि कुठला वाईट, हा क्रम दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच निघाला. चांगला आवाज ओळखायला दीक्षा लागत नाही. ऐकायला मिळावं लागतं, एवढंच. माझ्या वर्गातल्या मुलाला हर्ट्झ म्हणजे काय ते नीट सांगता आलं नसतं. चौथी तार त्याला ऐकू आली.

आपल्याकडे गाणाऱ्याला तानसेन म्हणतात तसं जाणून ऐकणाऱ्याला कानसेन म्हणतात. मैफलीत पहिल्या रांगेत बसणारा, समेवर मान हलवणारा, स्वतः कधी न गाणारा माणूस. त्याला आपल्या संगीतात मान आहे, कारण त्याच्याशिवाय गाणं उभं राहत नाही. कानसेन श्रीमंत असतोच असं नाही. आमच्या मिरजेत तो बहुधा शाळामास्तर किंवा कारकून असायचा.

या धंद्याच्या पूर्वजांना हे ठाऊक होतं. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीने फ्रेड गाइसबर्गला पूर्वेकडे पाठवलं. कंपनीला यंत्रं विकायची होती. लंडनमध्ये तयार असलेल्या तबकड्या घेऊन इथल्या साहेबलोकांना आणि संस्थानिकांना यंत्र विकता आलं असतं, आणि तिथेच तो धंदा संपला असता. गाइसबर्गने कलकत्त्याला मुक्काम करून गौहर जानचा आवाज मुद्रित केला. त्याच दौऱ्यात पुढे तो चीन-जपान करून सिंगापूरलाही आला आणि मलय गाणी घेऊन गेला. गाइसबर्गला या गाण्यांतलं फारसं काही समजत नव्हतं. पण कलकत्त्याचा माणूस कलकत्त्याच्या गाण्यासाठी यंत्र घेईल, हे त्याला आणि कंपनीला बरोबर समजलं होतं. १९०८ पर्यंत कलकत्त्यात तबकड्यांचा कारखाना उभा राहिला. आमच्याकडे नाट्यसंगीताच्या तबकड्यांनी हेच केलं. ज्याच्या घरी ग्रामोफोन नव्हता तो इराण्याच्या हॉटेलात एका चहावर बसून बालगंधर्वांची पदं ऐके, आणि पुढे कधी ऐपत आली की आधी यंत्र घेई. यंत्राची जाहिरात ते गाणंच करत होतं.

आता सिंगापूरचीच एक गोष्ट, कारण ती आमच्या घराजवळ सुरू होते. क्लेमेंटी रोडवर न्गी आन पॉलिटेक्निक आहे. १९७५ साली तिथून सिम वोंग हू नावाचा तरुण शिकून बाहेर पडला. १९८१ मध्ये त्याने चायनाटाउनमधल्या पर्ल्स सेंटरमध्ये संगणक दुरुस्तीचं लहानसं दुकान काढलं; तीच पुढे क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी. १९८९ साली त्यांचं साउंड ब्लास्टर कार्ड आलं आणि तोवर बहुतेक घरांत फक्त टीक-टीक करणारा संगणक बोलू-गाऊ लागला. ज्यांनी ते घेतलं त्यांतल्या बहुतेकांनी ध्वनीचं मासिक कधी उघडलं नव्हतं. त्यांना खेळातली विमानं खरी वाटायला हवी होती. क्रिएटिव्हने त्यांना ऐकण्याचं कारण दिलं आणि ग्राहकांचा एक अख्खा नवा वर्ग तयार झाला.

पुढे त्याच कंपनीला उलटा धडा मिळाला. २००० साली तिने नोमॅड ज्यूकबॉक्स बाजारात आणला: सहा गिगाबाइटची डिस्क, सुमारे शंभर तासांचं संगीत, हातात धरता येणारं यंत्र. ॲपलचा आयपॉड त्यानंतर, २००१च्या ऑक्टोबरमध्ये आला आणि त्यात पाच गिगाबाइटच होते. आयपॉड लहान होता, खिशात मावत होता, त्याच्यात गाणी भराभर चढत, त्याचं चक्र अंगठ्याला सुखाचं होतं. हे श्रेय द्यायलाच हवं. पण सांगण्यातही मोठा फरक होता. क्रिएटिव्ह आणि इतर सगळे गिगाबाइट सांगत होते, ॲपलने सांगितलं की खिशात हजार गाणी मावतील. गिगाबाइट म्हणजे काय ते समजावून घ्यावं लागतं; हजार गाणी म्हणजे काय ते प्रत्येकाला ताबडतोब दिसतं, कारण त्यातलं प्रत्येक गाणं त्याचं स्वतःचं असतं. २००४ मध्ये सिम यांनी आयपॉडविरुद्ध युद्ध जाहीर केलं आणि जाहिरातीवर दहा कोटी डॉलर खर्च करण्याची घोषणा केली. बाजार परत आला नाही. २००६ मध्ये पेटंटच्या तंट्यात ॲपलने तडजोड म्हणून क्रिएटिव्हला नेमके दहा कोटी डॉलरच दिले. म्हणजे कल्पनेचा मान क्रिएटिव्हला मिळाला आणि ग्राहक ॲपलला. सिम २०२३च्या जानेवारीत गेले. या शहराने त्यांच्याबद्दल हळहळ व्यक्त केली, ती मनापासूनची होती.

हाय-एंडवाले आजही नोमॅडच्याच भाषेत बोलतात. माहितीपत्रक उघडा: विकृती शून्य दशांश शून्य शून्य एवढी टक्के, अमुक किलोचा ट्रान्सफॉर्मर, तमुक विमानात वापरतात त्या प्रकारचं ॲल्युमिनियम. आणि जिथे आकडे संपतात तिथून धूसर शब्द सुरू होतात: हवा, मखमल, काळोखी पार्श्वभूमी. या दोन टोकांच्या मधोमध जे सांगायला हवं ते कुणी सांगत नाही. 'यावर तुमच्या आवाजाच्या पट्टीतला खर्ज ऐकू येईल.' 'यावर तबल्याच्या बायाची मींड कळेल, नुसता धप्प आवाज येणार नाही.' असं वाक्य मी एकाही पत्रकात वाचलेलं नाही. आमच्या वर्गातले पालक बँकांत आणि संगणक कंपन्यांत काम करणारे आहेत. त्यांना आकड्यांची भीती नाही, उलट हजारो डॉलरच्या तारेने आवाजात प्रकाश येतो असं कुणी म्हटलं की ते मोजमाप मागतात आणि ते मिळालं नाही की दुकानाकडे पाठ फिरवतात. स्पीकरचा आवाज सर्व दिशांना कसा पसरतो ते दाखवणारे आलेख टूल आणि ऑलिव्ह यांच्या कामातून प्रमाणभूत झालेले आहेत. ज्याला आपल्या मालाची खात्री आहे त्याने ते छापावेत. आणि ज्या तारेचा फरक पडदा टाकल्यावर उरत नाही, ती विकणं थांबवावं. एका खोट्या तारेमुळे दहा खऱ्या स्पीकरांवरचा विश्वास उडतो.

पण माझी सर्वांत मोठी तक्रार खोलीबद्दल आहे.

सिंगापूरच्या रहिवाशांपैकी चारांतले तीन किंवा त्याहून अधिक सरकारी गृहनिर्माणाच्या, एचडीबीच्या घरांत राहतात. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं जुरोंग, क्लेमेंटी, बुकित पांजांगच्या अशाच घरांतून येतात. छत साधारण २.६ मीटरवर, दिवाणखाना चार मीटर रुंद असला तर नशीब. भिंतीपलीकडे शेजारी, पायाखाली शेजारी. रात्री साडेदहा ते सकाळी सात शांतता पाळावी असं एचडीबीचं सांगणं असतं. आईवडील कामावरून येतात, मुलं शिकवणीवरून येतात, जेवणं होतात, आणि ऐकायला वेळ मिळतो तो नेमका या शांततेच्या उंबरठ्यावर. म्हणजे नवा ग्राहक हळू आवाजात ऐकतो. कायम.

हळू आवाजात कानाचं काय होतं, हे बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं आहे. आवाज कमी केला की खालचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा फार लवकर कानावेगळे होतात. मैफलीच्या पातळीवर भरदार वाटणारा खर्ज रात्री साडेदहाच्या पातळीवर नाहीसा होतो, स्पीकर कितीही भारी असो. जुन्या ॲम्प्लिफायरवर यासाठी 'लाउडनेस' असं बटण असे. वडिलांच्या ॲम्प्लिफायरवर होतं. रात्री रेकॉर्ड लावली की ते आठवणीने दाबत. हाय-एंडवाल्यांनी ते बटण काढून टाकलं, सोबत बेस आणि ट्रेबलचे कानही काढले. कारण दिलं शुद्धतेचं: संकेताच्या वाटेत जितकं कमी तितकं बरं. ही शुद्धता ज्याच्या खोलीला दार आहे, जाड भिंती आहेत आणि शेजारी शंभर फुटांवर आहे, त्याची. यामाहासारख्यांनी लाउडनेसचं बटण जपलं, ते शहाणपणाचं होतं. बाकीच्यांनी ते परत आणावं, आणि जाहिरातीत ते पहिल्या ओळीत सांगावं.

छताचंही तेच. २.६ मीटर उंचीच्या खोलीत जमीन आणि छत यांच्यामध्ये घुमणारा पहिला स्वर सुमारे ६६ हर्ट्झवर येतो. काळी एकचा खर्ज ६९. दोन्ही इतके जवळ की माझ्या विद्यार्थ्याच्या घरी तंबोऱ्याचा पाया जमिनीलगत आणि छतापाशी फुगून घोंघावेल आणि मधल्या उंचीवर कान आला तर हरवेल. लाखो घरांची छतं जवळजवळ एकाच उंचीची असलेलं हे शहर आहे. स्पीकर बनवणाऱ्याला याहून सोपं गणित जगात कुठे मिळणार? एचडीबीच्या दिवाणखान्याचा नकाशा घ्या, त्यात आपला स्पीकर कुठे ठेवावा आणि आपण कुठे बसावं ते आखून द्या, मायक्रोफोन लावून खोलीनुसार स्वर सावरणारी जी यंत्रणा आता उपलब्ध आहे ती अशा घरात नेऊन वापरून दाखवा. त्याऐवजी दुकानातली खोली मात्र गालिचे आणि फळ्या लावून अशी सजवलेली असते की तसं घर ग्राहकाने कधी पाहिलेलंही नसतं.

माझ्या परिचयातले एक गृहस्थ या धंद्यात मुरलेले आहेत. त्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, घड्याळं बघा. जितकं दुर्मिळ, तितकी मागणी. आम्ही सगळ्यांसाठी झालो तर आम्ही आम्ही राहणार नाही." यात तथ्य आहे असं मानून मी बराच विचार केला. विल्सन ऑडिओने २०१७ मध्ये ६,८५,००० डॉलरची स्पीकरांची जोडी आणली, आणि ती घेणारेही निघाले. पण घड्याळ मनगटावर असतं, चारचौघांना दिसतं. स्पीकर घरात असतो, आणि ऐकणारा एकटा असतो. ज्याला केवळ दाखवायचं आहे त्याच्यासाठी जगात कितीतरी सोयीच्या वस्तू आहेत. तो आज ना उद्या तिकडे जाणारच. आणि दुर्मिळतेने या कंपन्यांना तारलं असंही दिसत नाही. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये मॅकिंटॉश आणि सोनुस फाबर ही नावं बोसच्या मालकीची झाली. २०२५ मध्ये बोवर्स अँड विल्किन्स, डेनॉन, मरांट्झ ही नावं हार्मनकडे, म्हणजे पर्यायाने सॅमसंगकडे गेली. ज्यांना हे लोक बाजारू म्हणून नाकं मुरडत, त्यांनीच त्यांना विकत घेतलं. थोड्या श्रीमंतांवर विसंबून राहण्याचा हिशेब काही पक्का निघाला नाही.

उलट बाजूला हेडफोनवाल्यांकडे बघा. कोलमन स्ट्रीटवरची ॲडेल्फी ही इमारत जुन्या काळापासून हाय-फायच्या दुकानांची. पण तरुणांची गर्दी दिसते ती हेडफोनच्या दुकानांत, आणि दरवर्षी सिंगापुरात भरणाऱ्या कॅनजॅमच्या मेळाव्यात. मी तिथे गेले आहे. विशीतली मुलं-मुली टेबलांपुढे रांगा लावतात, स्वतःचा फोन जोडतात, स्वतःचं गाणं लावतात आणि हजारो डॉलरचा हेडफोन कानाला लावून बघतात. तिथे कुणी त्यांचा पत्ता विचारत नाही, हे गाणं चालणार नाही असं कुणी म्हणत नाही. तरुणांना चांगल्या आवाजासाठी पैसे मोजायचे नसतात, हे म्हणणारे त्या मेळाव्याला गेलेले नसावेत.

जुन्या मालाबद्दल थोडंसं. नवा माणूस पुष्कळदा जुन्या यंत्राच्या दारातून आत येतो. आमचे स्पीकर शेवटी आम्ही कॅरोसेल या जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळावरून, एका निवृत्त शिक्षिकेकडून घेतले. इथल्या दमट हवेत स्पीकरच्या पडद्याभोवतीची फोमची कड काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळते, आणि ती बदलून देणारा माणूस शोधताना नाकी नऊ येतात. कंपनीने स्वतः जुने संच परत घेऊन, दुरुस्त करून, हमी देऊन विकले तर पहिल्या पगारातला मुलगाही ते घेऊ शकेल. ग्लासगोच्या लिनने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला काढलेलं एलपी १२ टर्नटेबल आजही सुटे भाग बदलून नव्याच्या तोडीला आणता येतं; त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचा ग्राहक अजून त्यांचाच आहे. जुनी खरेदी नव्या विक्रीच्या आड येते, ही भीती लिनला कधी वाटली नसावी.

आणि आता बुकित तिमाहकडे परत. हा भाग बंगल्यांइतकाच शाळांचाही आहे. हुआ चोंग, नानयांग गर्ल्स, मेथडिस्ट गर्ल्स, नॅशनल ज्युनिअर कॉलेज, सगळ्या याच पट्ट्यात. त्यांच्याभोवती शिकवण्यांची दाटी. ब्यूटी वर्ल्डच्या जुन्या व्यापारी संकुलांत मजलेच्या मजले शिकवणी वर्गांचे आहेत. इथला मध्यमवर्ग मुलासाठी काही हजार डॉलरचा पियानो कर्ज काढूनही घेतो, दर आठवड्याला शिक्षकाला पैसे देतो, परीक्षा देववतो. पण तेच मूल ज्यावर संगीत ऐकतं ती वस्तू चाळीस डॉलरची असते. यात कंजूषपणा नाही. स्पीकर हे शिकण्याचं साधन आहे हे त्या आईबापांना कुणी सांगितलेलंच नाही. त्यांच्या लेखी ती वडिलांची चैन. पियानो वाद्य म्हणून घरात येतो, स्पीकर उपकरण म्हणून दारातच थांबतो. गायकाच्या, तबलजीच्या, पियानोच्या विद्यार्थ्यासाठी तो वाद्यच आहे, आणि वाद्य म्हणूनच तो विकला पाहिजे: गुरूच्या शिफारशीने, हप्त्याने, मुलाच्या वाढीबरोबर बदलून घेता येईल अशा बोलीवर.

पत्ते मी देते. सिंगापूर इंडियन फाइन आर्ट्स सोसायटी १९४९ पासून इथे गाणं, वीणा, मृदंग, नाच शिकवते आहे. टेंपल ऑफ फाइन आर्ट्स आहे. एस्प्लनेड या कलाकेंद्रात नोव्हेंबरात कला उत्सवम् भरतो, सभागृहाबाहेर शेकडो आईबाप मुलांचा हात धरून उभे असतात. महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव आहे. चिनी वाद्यवृंदांचे वर्ग तर कितीतरी शाळांत आहेत. या एकाही ठिकाणी, इतक्या वर्षांत, मी कुठल्या स्पीकर कंपनीचा माणूस पाहिला नाही. कंपन्यांनी एक चांगली जोडी प्रत्येक वर्गात महिनाभर ठेवावी. फलक लावू नये, भाषण करू नये. ज्या पालकांना हवी त्यांना शनिवारी संध्याकाळी घरी न्यायला द्यावी आणि सोमवारी परत आणावी. विकत घेणारे थोडे निघतील. पण ज्यांनी ऐकलं त्यांना आपल्या घरात काय नाही ते कळलेलं असेल, आणि दहा वर्षांनी त्यांतलाच एखादा पहिल्या पगारात दुकानाची पायरी चढेल.

वाचणाऱ्या मराठी आईबापांनाही एक विनंती आहे. दुकानात जाल तेव्हा मुलाला बरोबर न्या. त्याच्या पट्टीतल्या तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण फोनवर घेऊन जा आणि पहिल्यांदा तेच लावायला सांगा. रात्री साडेदहाला तुमच्या घरी चालेल इतका आवाज कमी करायला लावा. मग मुलाला विचारा, चौथी तार ऐकू येते का. आणि दुकानदाराने तुमचं गाणं लावायला नकार दिला, तर तिथून उठा आणि दुसरं दुकान गाठा.